हर्षदाची शाखा

सकाळी श्रीनिवास स्वयंपाकघरात आला, तर ओट्यापाशी एक अनोळखी बाई चहा गाळत उभी होती. गालफडं बसलेली, डोक्यावर एकही केस नाही.

"कोण तुम्ही? हर्षदा कुठंय?" त्यानं विचारलं.

"अरे, मीच," ती म्हणाली. आवाज त्याच्या बायकोचाच होता.

श्रीनिवास चक्रावला. कालच तर त्यानं तिचा लांबसडक शेपटा पाहिला होता. त्यानं आपले कृत्रिम डोळे चोळले. त्या डोळ्यांचा प्रोग्रॅम जगभरचे हौशी लोक मिळून लिहीत. हर्षदाही त्यांच्यातलीच.

"आजपासून नवा नियम लागू झाला," ती खाली बघत म्हणाली. "दुसऱ्या कुणाची मंजुरी नसलेल्या शाखा, म्हणजे प्रोग्रॅमच्या खासगी आवृत्त्या, बंद. मूळ प्रोग्रॅमपासून मी तुझ्यापुरती एक शाखा काढली होती. तिच्यात मी तुला पूर्वीसारखीच दिसायचे."

"पण का?"

"ऑफिसला जाते सांगून मी केमोला जात होते. तू घाबरला असतास."

श्रीनिवास ओट्याजवळ, तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"मंजुरी तूही देऊ शकतोस," ती म्हणाली. "मग सगळं होतं तसं दिसेल."

त्यानं त्या चेहऱ्यात हर्षदा शोधली. सापडल्यासारखी वाटली, पुन्हा हरवली.

"नको," तो कसाबसा म्हणाला आणि पातेल्याला हात घातला. "तू बस. मी गाळतो."

तिनं पातेलं सोडलं नाही. चहा ओट्यावर सांडू लागला. त्यानंही सोडलं नाही.