मागावरची बोली

"शब्द नेमके काय होते, तेवढं सांगा," कामगार अधिकारी म्हणाले.

चिमणीने तोंड उघडलं. आवाज बारीक, म्हणून कापड कारखान्यात तिला सगळे चिमणीच म्हणत. आज तेवढाही आवाज फुटत नव्हता. मघाशी ती खोलीत शिरली आणि वाऱ्याने जड दार मागे धाडकन आपटलं. शिपायाने मग दाराला वीट लावून ते उघडं ठेवलं होतं.

खिडकीतून खाली रस्त्यावर थांबलेल्या तिच्या मैत्रिणी दिसत होत्या. कबूल केलेला बोनस मालक आता नाकारत होते. तो कबूल झाला तेव्हा ही मालकांच्या सगळ्यात जवळ उभी होती, म्हणून मैत्रिणींनी साक्षीला हिलाच पुढे ढकललं होतं. काल मालकांनी फाटकावर बजावलं होतं, "खोट्या पडलात तर सगळ्याजणी घरी!"

"शब्द नव्हते, साहेब," ती कशीबशी म्हणाली. "माग सुरू असले की काही ऐकूच येत नाही. आम्ही हातांनी बोलतो. मालकांनी एक बोट वर केलं, हवेत पूर्ण गोल काढला आणि हात छातीवर ठेवला. म्हणजे, काम वेळेत काढा, एका महिन्याचा पूर्ण पगार वर देतो, माझा शब्द."

मालक खुर्चीत मागे रेलून हसले. "माशी हाकलत असेन, साहेब! मी केबिनमधला माणूस. या बायकांच्या खाणाखुणा मला काय कळणार?"

"कळतात, साहेब. लहान असताना मोठ्या मालकांनी यांना मागावर उभं केलं होतं. माझ्या आईनेच शिकवलं यांना. सगळ्यात आधी बोटं वाचवायची खूण शिकवतात, मग बाकीच्या."

"अस्सं? मग बोलाव की आईला साक्षीला."

चिमणीने मान खाली घातली. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि हे मालकांना पक्कं ठाऊक होतं. आईला पोचवायला ते स्वतः आले होते.

अधिकाऱ्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "बाई, तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. पण यांना त्या खुणा येतात हेच सिद्ध होत नसेल, तर मी तरी काय करू?"

चिमणीने खिडकीतून खाली पाहिलं. खाली जाऊन त्या बायकांना तोंड कसं दाखवायचं?

मालक उठले. दाराशी जाऊन वळले आणि चौकटीला हात लावून ऐटीत उभे राहिले. "चल, चिमणे. उगाच साहेबांचा वेळ खाल्लास."

तेवढ्यात शिपाई चहाचे पेले घेऊन आत आला. त्याचा पाय लागून वीट बाजूला सरकली. बाहेरून वाऱ्याचा झोत आला. दार हललं. मालकांची पाठ दाराकडे होती आणि चार बोटं चौकटीच्या खाचेत.

चिमणीला ते दिसलं. ती ओरडायला गेली, पण तोंडातून हवाच बाहेर आली. मग तिच्या हाताने केलं ते आयुष्यभराच्या सवयीने. मूठ आवळली आणि खांद्याकडे झटकली.

मालकांनी विजेचा धक्का बसावा तसा हात मागे खेचला. दार धाडकन चौकटीवर आदळलं. खिडकीच्या काचा थरथरल्या.

मालक पांढरेफटक पडून आपली बोटं चाचपत राहिले. चारही जागेवर होती. चिमणीची मूठ अजून खांद्यापाशीच होती. आपण काय केलं, हे तिच्या अजून ध्यानातही आलं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"मालक," ते शांतपणे म्हणाले, "या बाई तर एक शब्दही बोलल्या नाहीत. मग तुम्ही हात का काढलात?"