मेलबर्नचा बॉक्स

काळा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून नाना खोक्याची टेप कापत होते. दुपारीच त्यांच्या डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं होतं. डॉक्टरांनी घरी जाऊन पडून राहायला सांगितलं होतं. पण मेलबर्नचा बॉक्स दारात दिसल्यावर नाना कसले पडून राहतात! थोरला मुलगा सुमंत त्यांना घरी सोडून फार्मसीतून डोळ्याचे थेंब आणायला गेला. तेवढ्या अर्ध्या तासात त्यांनी शेजारच्या सुहासिनीमावशींना आणि चंद्रशेखरकाकांना चहाला बोलावलंसुद्धा होतं.

"हे टिम टॅम," नानांनी चॉकलेटचं एक बिस्किट काकांच्या हातात दिलं. "दोन्ही टोकं जराशी चावायची. मग एक टोक चहात बुडवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून चहा ओढायचा. ओढा, ओढा! आणि लगेच तोंडात टाका, नाहीतर पडेल."

काकांनी ओढलं. बिस्किट विरघळून बोटांवर आलं आणि तिघंही हसत सुटले. मग चीज लावलेल्या कुरकुरीत ट्विस्टीजचं पाकीट फुटलं. ओट्स आणि खोबऱ्याची अँझॅक बिस्किटं बशीत आली. शेवटी व्हेजेमाइटची काळी बाटली निघाली. "हे मात्र जपून. टोस्टला भरपूर बटर आणि त्यावर हे नखभर," नाना सांगेपर्यंत मावशींनी चमचा चाटलाही होता. "अगंबाई, काय खारट हो!" म्हणत त्यांनी पाणी मागितलं. नाना स्वतः अर्ध्या बिस्किटाच्या पुढे गेले नव्हते. ते नुसते सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"नशीबवान आहात, नाना," मावशी म्हणाल्या. "इतक्या लांबून दर दोन महिन्यांनी आठवणीने पाठवतो."

"माझा अनीश आहेच तसा. बापाला काय आवडतं ते त्याला सांगावं लागत नाही."

सुमंत थेंबांची पिशवी हातात धरून स्वयंपाकघराच्या दाराशी उभा होता. आई गेल्यापासून चार वर्षं नाना त्याच्याकडे होते, इथे अमेरिकेत, क्युपर्टिनोत. दर रविवारी आठवड्याच्या गोळ्या डबीत भरायच्या, महिन्यातून दोनदा हाफ डे टाकून क्लिनिकला न्यायचं, रात्री दोनदा उठून खोलीत डोकावायचं. सिएटलची चांगली पोस्ट त्याने नाना तिथल्या थंडीत आजारी पडतील म्हणून नाकारली होती. चार वर्षांत "माझा सुमंत" असं कुणापुढे म्हटलेलं त्याने ऐकलं नव्हतं. आणि धाकट्याने बिस्किटं पाठवली की चार घरी बोलावणं!

तो मागच्या अंगणात गेला आणि अनीशला फोन लावला. मेलबर्नला शनिवारची सकाळ होती.

"तुझे ते बॉक्स आता बंद कर," सुमंत एकदम म्हणाला. "नानांची शुगर वाढलीये. तुला काय, तू पाठवून मोकळा. निस्तरावं मला लागतं."

"कुठले बॉक्स, दादा?"

"टिम टॅम, व्हेजेमाइट... आत्ता टेबलावर पडलंय सगळं."

"मी गेल्या वर्षी एक पाठवला होता," अनीश हळू आवाजात म्हणाला. "मग राहूनच गेलं रे. दर महिन्याला ठरवतो, आणि राहून जातं. नानांना फोनही... नाना बरे आहेत ना?"

सुमंतने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. आत येताना त्याने खुर्चीवरचं रिकामं खोकं उलटून पाहिलं. पाठवणारं गोडाऊन इथलंच, शेजारच्या नेवाडातलं होतं. ऑर्डर देणाऱ्याच्या जागी नानांचंच नाव होतं.

तो खोकं हातात घेऊन उभा राहिला. नानांनी ते पाहिलं. त्यांनी काळा चष्मा काढला, पुन्हा घातला. हातातलं अर्धं बिस्किट तिथेच राहिलं.

"कुणाशी बोलत होतास रे एवढा?" मावशींनी विचारलं. "अनीशचा फोन होता का?"

एक वाक्य पुरे होतं. चार वर्षं साठलेलं सगळं त्या एका वाक्यात बसलं असतं. सुमंतने नानांकडे पाहिलं. ब्याऐंशी वर्षांचा तो माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून बसला होता.

"हो मावशी," सुमंत म्हणाला. "विचारत होता, बॉक्स पोचला का म्हणून."

त्याने खोकं चपटं करून गॅरेजमधल्या रीसायकलच्या डब्यात टाकलं, नाव आतल्या बाजूला करून.

पाहुणे गेल्यावर नाना सोफ्यावर आडवे झाले. सुमंतने त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. पाणी कानाकडे ओघळलं, ते टिशूने टिपलं.

"नाना, मला तरी सांगायचंत."

नानांनी डोळे मिटूनच चाचपडत त्याचं मनगट धरलं.

"सगळे विचारतात रे, धाकटा काय करतो म्हणून. तू माझा आहेस हे कुणाला सांगावं लागत नाही, सुमंत. त्याचं मात्र मला सांगत राहावं लागतं."