तोल्माचोवची आई

"घेत नाही." खिडकीतून गाठोडं परत आलं. "पुढची!"

पेलागेयानं ते पुन्हा आत ढकललं. वाळवलेला काळा पाव, कांदे, लसूण आणि एक लोकरी मोज्यांचा जोड. तुरुंगाच्या या खिडकीवर प्रश्न विचारायची सोय नव्हती. पोराला कशासाठी धरलं, कधी सोडणार, कुणी सांगत नसे. रांगेतल्या बायकांना एवढंच ठाऊक होतं, की गाठोडं ठेवून घेतलं तर माणूस आत आहे आणि जिवंत आहे. परत आलं तर रडायचं ते बाहेर, पुलावर जाऊन.

"कॉम्रेड साहेब, नीट बघा हो. आर्सेनी तोल्माचोव. माझा सेन्या."

"तुझा कॉम्रेड कोण गं इथं? साहेब म्हण नुसतं. महिन्याला एक गाठोडं. तोल्माचोवचं या महिन्याचं आलंय."

"कुणी दिलं?"

"आईनं. पुढची!"

दोन महिने पेलागेया टायफसनं इस्पितळात पडून होती. तापातसुद्धा एकच घोर, सेन्याला कोण काय नेऊन देणार? नातेवाईक होते, पण घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. सख्खी बहीण रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं जायची. मग गाठोडं आणलं कुणी? तिच्या मनात नको तेच आलं. हे दुसऱ्याच कुठल्या तोल्माचोवबद्दल बोलतायत. तो कुणी वेगळा, त्याला आई आहे, त्याला पाव मिळतोय. आणि माझा सेन्या आत नाहीच. तो संपला.

"आई मी आहे!" ती किंचाळली. "कुणीतरी खोटं सांगून गेलंय तुम्हाला! मी आई आहे त्याची!"

मागच्या एका अनोळखी बाईनं तिचा कोट ओढला. "अगं तोंड आवर की! ठेवून घेतलंय म्हणतात ना? मग घरी जा मुकाट्यानं."

पण पेलागेया आता कुणाचं ऐकायच्या पलीकडं गेली होती. तिनं दोन्ही हातांनी खिडकीची फळी धरली होती आणि ती तेच तेच ओरडत होती.

खिडकीची झडप पूर्ण वर गेली. आतला साहेब तरुण होता. सर्दीनं नाक लाल झालेलं. रांगेतली तोंडं तो कधी बघत नसे, आज पहिल्यांदाच बघत होता. "खोटं? म्हणजे जनतेच्या शत्रूला कुणी परकी बाई खाणं पुरवतेय? बरं झालं सांगितलंस." त्यानं शिपायाला हाक मारली.

पेलागेयानं फळीवरचे हात काढून घेतले. परकी बाई म्हणजे ओळख, ओळख म्हणजे कट, आणि कट म्हटला की आतल्याची शिक्षा वाढते आणि बाहेरचा आत जातो. शेंबड्या पोरालाही हे माहीत होतं. तिलाही माहीत होतं. पण शब्द सुटून गेला होता.

तोल्माचोवचं गाठोडं आत्ताच देऊन गेलेली बाई फार लांब गेली नव्हती. दाराजवळच्या शेगडीशी हात शेकत उभी होती. शिपायानं दंडाला धरून तिला आणलं आणि पेलागेयाच्या शेजारी उभं केलं. ती ग्लाफिरा होती. 'त' आडनावांच्या रांगेत कायम पेलागेयाच्या मागं असणारी, तिखट जिभेची ग्लाफिरा तुलिना. रांगेतल्या जागेवरून दोघींची एकदा चांगलीच जुंपली होती. महिनोन् महिने खिडकीवर एकमेकींच्या पोरांची नावं ऐकून दोघींना ती पाठ झाली होती. पुढं पेलागेयाचा सेन्या, मागं ग्लाफिराचा कोन्स्तान्तिन तुलिन, म्हणजे कोस्त्या.

साहेब रुमाल शोधून नाक शिंकरत होता.

"मला वाटलं तू मेलीस गं," ग्लाफिरा ओठ न हलवता कुजबुजली. "कोस्त्याचं गाठोडं परत आलं. नाही म्हणाले तो. कायमचाच नाही. ते घेऊन घरी कशी जाऊ? तोंडात तुझ्या पोराचं नाव आलं. ठेवून घेतलं त्यांनी. आजही घेतलं."

सेन्या जिवंत होता. पेलागेयाला हसू की रडू कळेना. आणि त्याच क्षणी तिला आपलीच जीभ छाटून टाकावीशी वाटली.

"हं," साहेब म्हणाला. "दोघींपैकी तोल्माचोवची आई कोण? कागद काढा."

पेलागेयाचा कागद कोटाच्या आत, छातीशी होता. दाखवला, की ग्लाफिरा आजच आत जाणार. नाही दाखवला, तर ही खिडकी आपल्याला कायमची बंद. यापुढं आपला पोरगा जिवंत आहे की नाही, हे दुसऱ्या बाईच्या तोंडून कळायचं. ग्लाफिरानं डोळे मिटून घेतले होते. ती काही मागत नव्हती.

पेलागेयानं हात कोटातून रिकामा बाहेर काढला आणि डोक्याचा रुमाल ओढून खाली घेतला. इस्पितळात भादरलेलं डोकं उघडं पडलं.

"ही आई," ती म्हणाली. "मी टायफसमधून उठलेय साहेब, डोकं ठिकाणावर नाही. रांगेत ऐकून ऐकून ते नाव तोंडात बसलं."

टायफस म्हणजे उवांमधून पसरणारा ताप; नाव ऐकताच साहेब खुर्चीसकट मागं सरकला. आता त्याला कुणाचेच कागद हातात नको होते.

"लांब हो! उवा पाडशील इथं. मग तुझा कोण? नाव सांग."

"तुलिन," पेलागेया म्हणाली. "कोन्स्तान्तिन तुलिन. मी त्याची आई."