टँकरचा नंबर

"हॅलो, पाणीपुरवठा ऑफिसातून करिष्मा मॅडम बोलतेय," हर्षदा नाक दाबून म्हणाली.

पलीकडे सूर्यमाळच्या पाड्यावर गोजाबाई होती. पाड्याचं पाणी तिच्या भरवशावर. टँकर निघाला की तिच्याकडच्या मोबाइलवर सहा आकडे येत. ड्रायव्हरलाही तेच येत; तिच्या तोंडून ऐकून जुळवल्याशिवाय तो पाइप सोडत नसे. भलत्याच्या हाती लागले, तर टँकर दुसरीकडेच रिकामा आणि भर उन्हाळ्यात पाडा कोरडा.

हर्षदा मुंबईला विद्यापीठात माहिती सुरक्षा शिकत होती. जोखीम व्यवस्थापनाचा प्रकल्प होता: खरी व्यवस्था निवडा, खोटा फोन करा, कच्चा दुवा शोधा. पंचायतीची परवानगी होती. मिळालेला नंबर फक्त लिहायचा, वापरायचा नाही, ही सरांची सक्त ताकीद.

"जेवलीस का गं बाय?" गोजाबाईने विचारलं.

"आधी आजचा नंबर सांगा. इथे दिसत नाहीये."

नाही म्हण गं आजी, हर्षदा मनातल्या मनात विनवत होती. जन्मली तेव्हा तिला पहिल्यांदा झेललं होतं ते याच बाईने.

"लिही. एक, नऊ, शून्य, आठ, शून्य, तीन."

हर्षदाला रडू फुटलं. पण खोटा अहवाल लिहिणं तिला जमणारं नव्हतं. 'गंभीर जोखीम: फोन सांभाळणारी व्यक्ती,' तिने लिहिलं. पहिल्या पानावर आपलं नाव टाकलं, जन्मतारीख टाकली. एक जून. पाड्यावरच्या निम्म्या पोरांची तीच. शाळेत घालताना गुरुजींनी सरसकट लावलेली.

शनिवारी ती गावी पोहोचली, तर अहवाल तिच्याआधीच पंचायतीत पोहोचला होता. गोजाबाईकडचा मोबाइल काढून पाड्यावरच्या रूपेश नावाच्या पोराकडे दिला होता. गोजाबाई विहिरीच्या काठाला रिकाम्या हंड्याशी बसली होती. तिच्याकडे कोणी बघत नव्हतं. हर्षदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, माझ्यामुळे झालं. तो फोन मीच केला होता."

"ठावं हाय."

टँकरचा ड्रायव्हर तुका तिथेच उभा होता. त्याने हर्षदाच्या हातातला अहवाल घेऊन त्यातला नंबर वाचला, मग आपल्या मोबाइलमधले जुने मेसेज वरखाली केले.

"हर्षदा, त्या दिवसाचा नंबर हा नाय. असा नंबर मला कधी आलाच नाय."

हर्षदाने कागद ओढून घेतला. "मग कसले आकडे दिलेस, आजी?"

गोजाबाईने पदराने तोंड पुसलं.

"आवाज वळखला मी. पाड्याचा नंबर तुला कसा देऊ? न् तू मागितल्यावर नाय तरी कसं म्हणू? भर श्रावणात तू झालीस, तवा नर्सबाईनं तुझ्या जन्माची तारीख आकड्यांत माझ्याकडून घोकून घेतली होती. ती दिली."