पक्की पावती

भूकंपाच्या दुसऱ्या वर्षी, पडलेल्या घराचा दाखला द्यायला कारकुनाने चिरीमिरी मागितली, तेव्हा वाजिद टेलरने आणि त्याचा जिगरी दोस्त नरसिंगने त्याला लाचलुचपत खात्याच्या पावडर लावलेल्या नोटा देऊन रंगेहाथ पकडवलं होतं. कारकुनाची बोटं सोड्याच्या पाण्याच्या ग्लासात बुडवली तसं पाणी गुलाबी झालं, ते आख्ख्या कचेरीने पाहिलं. नरसिंग तेव्हा म्हणाला होता, "वाजिद, आता कुनाची मागायची छाती व्हायची न्हाई."

वीस वर्षांनी वाजिदच्या मुलीला, मुबश्शिराला, तलाठी भरतीत भूकंपग्रस्तांच्या राखीव जागेसाठी भूकंपाचाच दाखला लागला. कचेरीतला नवा साहेब अदबीने म्हणाला, "इथं कुणी काही घेत नाही, चाचा. क्लासेसच्या रस्त्यावर मार्गदर्शन केंद्र आहे. तिथून फाईल आली की लगेच सही होते."

केंद्राला काचेचं दार होतं, आत एसी होता, भिंतीवर दाखल्यांच्या फीचा बोर्ड होता आणि मालकाच्या खुर्चीत नरसिंग बसला होता.

"नरसिंगा, हे तेच हाय की," वाजिद कसाबसा म्हणाला.

"ते चोरून घ्यायचे. आपन पक्की पावती देतो. काम न्हाई झालं तर फी वापस," नरसिंग हसत म्हणाला आणि त्याने काउंटरकडे बोट दाखवलं.

तिथे पावतीपुस्तक घेऊन तोच जुना कारकून बसला होता, त्याने दहाही बोटं वाजिदसमोर पसरली आणि शांतपणे म्हणाला, "बघा वाजिदभाई, आता रंग लागत न्हाई."