धुराड्यावरचा मग

लीलाबाईंचा पितळी तांब्या आज पिकअपच्या धुराड्यावर उपडा बसला होता. रात्रभर पावसात न्हाऊन चकचकीत झाला होता. त्याच्याआधी पत्र्याचा डबा गेला होता, दुधाचं मापही गेलं होतं. घरात माणसं दोनच. त्यांतल्या लीलाबाई नव्हेत, म्हणजे उरले त्यांचे मालक, कृष्णात.

“आवं, माझा तांब्या तिथं कुणी ठिवला?”

“मला काय ठावं? मांजरानं ठिवला असंल,” असं म्हणून कृष्णात गोठ्याकडं सटकले.

आता, ट्रॅक्टरच्या उभ्या नळीवर पावसाळ्यात कुणीही डबा उपडा घालतो. पाणी आत शिरलं की सायलेन्सर कुजतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पण हे धुराडं कुजावं म्हणून तर कृष्णात देव पाण्यात घालून बसले होते!

उन्हाळ्यात त्यांचा जयराज पलटणीतून सुट्टीवर आला, तेव्हा त्यानं हौसेनं पिकअपच्या केबिनमागं ही उभी नळी बसवून घेतली. कृष्णात स्वतः फौजेत गाड्या चालवून पेन्शनीत आलेले. गाव त्यांना अजून मेजर म्हणतं. त्यांनी चारचौघांत पोराची शोभा केली. “आल्याची पोती वाहायची हायेत का भट्टी फिरवायची हाय गावातनं? कुजून पडू दे ती नळी, पडली की नारळ फोडतो!” जयराज परत निघाला तेव्हा आईनं हातावर घातलेलं दही त्यानं खाल्लं, आणि बापाच्या पाया न पडताच एसटीत जाऊन बसला.

तेव्हापासून फोन फक्त आईला. कृष्णात जवळच खुरप्याला धार लावत बसायचे. धार कधीच लागलेली असायची. लीलाबाई मग मुद्दाम मोठ्यानं बोलायच्या. “तिकडं बी पाऊस? आन् तंबू गळतोय व्हय रं? अंथरूण भिजलं का?” कृष्णात मान वर करायचे नाहीत.

त्यांच्या औंध भागात पाऊस तसा बेताचाच. पण यंदा त्यानं मुक्काम ठोकला होता. आभाळ भरून आलं की कृष्णात जेवणावरून उठायचे आणि स्वयंपाकघरातलं एखादं भांडं कमी व्हायचं. तांब्या लीलाबाईंनी खाली उतरवला, तर संध्याकाळी तो पुन्हा वर. दुसऱ्या दिवशी तो काढायचं विसरून कृष्णातांनी गाडी चालू केली. फाट्दिशी आवाज झाला आणि तांब्या उडून शेजारच्या नानासोंच्या म्हशीपुढं पडला. म्हशीनं त्या दिवशी दूध चोरलं.

लीलाबाईंना हसावं की रडावं तेच कळेना. ज्या नळीला हा माणूस दिवसभर शिव्या घालतो, तिच्यावर रात्री पांघरूण घालतो? पोरानं बोलणं सोडल्यापासून मालकांचं डोकं तर फिरलं नाही ना, अशी त्यांना धास्ती बसली. त्यांनी सगळी भांडी कपाटात कोंडली आणि ठरवलं, भांडणाचं मूळच उपटून टाकायचं. नळी गेली की बापलेक बोलतील. फोनवर जयराजला म्हशीपुढं उडालेल्या तांब्याची गोष्ट सांगून नळीचं विचारलं, तर तोही म्हणाला, “काप म्हणावं. आबांना न्हाई आवडत, तर कशाला ठिवायची?”

वेल्डिंगवाला गुंडा कटर घेऊन आला तेव्हा झिमझिम चालूच होती. नेमकं कुठून कापायचं हे जयराजनंच सांगावं म्हणून लीलाबाईंनी त्याला फोन लावून स्पीकर चालू केला होता. अंगणात आल्या आणि नळीकडं बघून जागीच थांबल्या.

नळीवर कृष्णातांचा पांढरा मग उपडा होता. फौजेतून आणलेला. त्यातून बायकोलासुद्धा कधी चहाचा घोट मिळाला नव्हता.

तेवढ्यात कृष्णात गोठ्यातून अनवाणीच धावत आले.

“गुंडा, हात लावायचा न्हाई!”

“आता काय करावं!” गुंडा चक्रावला. “मेजर, तुमीच म्हणत हुता न्हवं, कुजू दे म्हणून?”

लीलाबाईंचा धीर सुटला. “आवं, तुमाला झालंय तरी काय? पोराशी बोलायचं न्हाई, आन् त्याच्या नळीला जपायचं! मला तर कायबी उमजंना.”

कृष्णात मगाकडं बघत राहिले. त्याच्यावर थेंब टपटप वाजत होते.

“तूच म्हणालीस न्हवं, तिकडं त्याचा तंबू गळतोय,” ते म्हणाले. “तिथवर माझा हात पोचत न्हाई. हितं पोचतोय.”

गुंडानं कटर खाली ठेवला. लीलाबाईंनी पदर तोंडाला लावला. हातातल्या फोनची त्यांना आठवणच राहिली नव्हती. मग त्यातून कुणीतरी घसा खाकरला.

“आबा,” जयराज म्हणाला, “मगाच्या कानाला सुतळी बांधा. न्हाईतर परत नानासोंच्या म्हशीपुढं जाईल.”