फुंकर

मणी-भिंतीशी वाट दोन झाली आणि मार्थाचे पाय तिला न विचारताच डावीकडं वळले. भिंत उजव्या हाताला ठेवून चालायचं, आमानं, म्हणजे आईनं, लहानपणी शिकवलेलं. दहा पावलांवर तिच्या लक्षात आलं. ती मागं फिरली आणि मुद्दाम पलीकडच्या वाटेनं निघाली. अर्ध्यावर पुन्हा थांबली. मंत्र कोरलेले दगड निमूट पडून होते, कुणी काही म्हणत नव्हतं, तरी तिला पुढं जाववेना. शेवटी ती परत आली आणि पहिल्याच वाटेनं, चोरासारखी, उतरली.

मागं कड्याच्या टोकाला गोम्पा, गावाचा बौद्ध मठ, होता. तिथं तासाभरापूर्वी तिनं लोण्याचा दिवा लावला होता, चोस्फेलसाठी. तो तिच्या थोरल्या बहिणीचा एकुलता मुलगा, वर हिमनदीवर पहाऱ्याला असलेला शिपाई. त्या अंगाला बर्फाचा कडा कोसळल्याचं कळून नऊ दिवस झाले होते, आणि नऊ दिवस त्याचा फोन नव्हता. बहिणीचा पाय प्लास्टरमध्ये. म्हणून मार्था लेहहून आली आणि चढली.

गोम्पात तिनं काडी ओढली, वातीला लावली, आणि काडीवर फुंकर मारली. चाळीस वर्षं, लग्न होऊन ख्रिस्ती घरात गेल्यापासून, लेहच्या चर्चमधल्या मेणबत्त्या तीच लावते, तीच विझवते. पाय गावाचे राहिले होते, श्वास तेवढा तिकडचा झाला होता.

दिव्यांची राखण करणाऱ्या म्हाताऱ्या लामानं एकच डोळा उघडला. "आमा-ले, नाताळ लांब आहे अजून."

तेव्हा तिनं शेजारच्या बायांकडं पाहिलं. दिवा लावताना प्रत्येकीनं तोंडावर रुमाल धरला होता. उष्टा श्वास दिव्याला लागू नये म्हणून. हे तिलाही माहीत होतं. कधीकाळी.

त्यानंतर बहिणीनं घोकून घेतलेले शब्द म्हणायला तिनं तोंड उघडलं, तर बाहेर पडली ती रविवारची प्रार्थना.

घरी स्वयंपाकघरात थोरली बहीण छोन्झोम चुलीपाशी प्लास्टरचा पाय पसरून दगडानं जर्दाळूच्या बिया फोडत बसली होती. फोन मांडीशी, उताणा.

"आलीस का नोमो, धाकटे? मला वाटलं, डोकं भादरून ठेवून घेतलं तुला तिथंच."

"वाटेत भिंतीशी अडकले, आचे," मार्था थोरलीला म्हणाली.

"भिंत काय गाढव आहे, आडवी यायला?" तिनं एक बी फोडली. "लागला दिवा?"

"लागला."

"तडतडला?"

"नाही. सरळ जळत होता."

छोन्झोमनं मान हलवली. आणखी दोन बिया फोडल्या. मग खाली मान घालूनच विचारलं, "काय म्हणालीस?"

उतरताना मार्थानं उत्तर तयार ठेवलं होतं. दोनच शब्दांचं: सांगितलंस तेच. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच बसून राहिलं.

"काडी मी फुंकून विझवली," ती म्हणाली. "आणि तू शिकवलेलं आलंच नाही तोंडात. आमचं आलं. येशूच्या नावानं."

बहिणीच्या हातातला दगड वरच राहिला.

"एक दिवा," छोन्झोम म्हणाली. "नऊ दिवसांत एक दिवा मागितला मी तुझ्याकडं."

चुलीतलं लाकूड ढासळलं. कुणी ते सारलं नाही.

"पोराचं नाव तरी घेतलंस?"

"घेतलं. तीनदा."

"त्याचं? का तुमच्या त्याचंच?"

"चोस्फेलचं गं. चोस्फेलचं, आचे."

दगड खाली आला. बी फुटली, आतला गर पार चिरडला. छोन्झोमनं तो बोटानं गोळा केला आणि वाटीत टाकला, फेकला नाही.

"मला एक सांग," ती फोनकडं बघत म्हणाली. "तुमच्या येशूला ही वरची वाट ठाऊक असेल का? उन्हाच्या मुलखातला माणूस तो. बर्फ कधी पाहिलंय त्यानं?"

मार्थाला क्षणभर हसू आलं. हाच प्रश्न घेऊन ती कडा उतरली होती. फक्त तिनं तो येशूबद्दल विचारला होता, आणि सोनेरी चेहऱ्यानं डोळे मिटून बसलेल्या त्या वरच्या मूर्तीबद्दलही.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"मग बसलीस काय?" छोन्झोमचा आवाज फाटला. "सांग त्याला. डावीकडून की उजवीकडून, काय सांगायचं ते सांग. पण पोहोचव."

मार्था उठली. खिडकीशी गेली. पानं झडलेल्या उंच झाडांच्या वर, कड्याच्या टोकाला, गोम्पाच्या पांढऱ्या भिंतींवर उतरतं ऊन होतं. दिवा इथून दिसणं शक्यच नव्हतं.

तिनं हात जुळवले. बोलायला ओठ उघडले आणि थबकली. मग गळ्यातला रुमाल वर ओढून तिनं आधी तोंडावर धरला.